पहिली हाक

दवाखान्यात माझं नाव पुकारलं गेलं आणि मी उठलो नाही. नर्स दारात उभी होती. "ऑब्री कॉम्बरली," ती म्हणाली. मला अगदी स्पष्ट ऐकू आलं. शेजारी जाळीची पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या बाईंनाही आलं आणि समोर खोकत बसलेल्या गृहस्थांनाही. सगळ्यांनी मान वळवून पाहिलं, आणि हा ऑब्री कॉम्बरली कोण आणि तो उठत का नाही, हे त्यांच्याबरोबर मीही पाहू लागलो. नर्सने हातातल्या कागदावर पुन्हा नजर टाकली. "ऑब्री कॉम्बरली, गुडघा," ती म्हणाली, आणि मी लगेच काठी घेऊन उठलो. चालता चालता शेजारच्या बाई कुजबुजल्या ते ऐकलं, "बिचारे. कान गेलेले दिसतात."

"कानांचंही डॉक्टरांना सांगू का, आजोबा?" नर्सने विचारलं.

"कान छान आहेत. मला वाटलं, तुम्ही दुसऱ्या कुणाला बोलावताय."

"या नावाची आणखी माणसं आहेत लंडनमध्ये?" ती हसून म्हणाली. "मी तर पहिल्यांदाच ऐकलं."

मी मनातल्या मनात मोजायला लागलो. तिने माझा कोट खुंटीला टांगला, खुर्ची पुढे ओढली, तोवर माझी मोजणी संपली होती. जानेवारीत माझा चुलतभाऊ वारला होता. त्याला आम्ही सगळ्यांनी मिळून श्रॉपशायरच्या ओल्या मातीत ठेवलं होतं, मी काळी टाय बांधून गेलो होतो, परतताना गाडीत अंड्याचं सँडविच खाल्लं होतं. इतकं सगळं होऊनही एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती, ती या पोरीच्या चेष्टेने आली. आता नुसत्या 'ऑब्री' या हाकेला उठायचं होतं ते मीच.

आमच्या घराण्यात प्रत्येक शाखेच्या थोरल्या मुलाचं नाव ऑब्री ठेवतात. कुणी सुरू केलं, कशासाठी, ते जिन्यावरच्या तसबिरींना ठाऊक. त्या सगळ्या तसबिरीही ऑब्रींच्याच, एकाच नाकाच्या, फक्त कॉलर बदलत गेलेल्या. माझ्या लहानपणी सुट्टीत कॉम्बरली हॉलवर, घराण्याच्या जुन्या वाड्यावर, आम्ही इतके ऑब्री जमायचो की जेवणाच्या टेबलावर मीठ मागणं अवघड व्हायचं. त्यावर घराण्याने एक नियम करून ठेवला होता. नुसतं नाव सगळ्यांत वडील ऑब्रीचं. बाकीच्या प्रत्येकाला पुढे एक शब्द जोडलेला, त्याला घरात शेपूट म्हणत. शेपूट लावायचा हक्कही त्या वडील ऑब्रीचाच. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्याने "या बाळाचं नाव सांगा" म्हटलं की त्यानेच पुढे होऊन नाव सांगायचं आणि शेपूट लावायचं, आणि पुढे काही घडलं तर ते बदलायचंही त्यानेच. माझ्या वेळी बोटीवरचे एक काका होते ते जहाज ऑब्री. स्वतःच्या बुटावर गोळी झाडून घेतलेले एक होते ते बंदूक ऑब्री. चुलतभाऊ तळ्यात पडला तो ओला ऑब्री, आणि साठी ओलांडून लॉर्ड कॉम्बरली म्हणून संसदेत बसायला लागला, केस पांढरे झाले, तरी जहाजकाका जाईपर्यंत घरात तो ओलाच राहिला. मी आधी इवला ऑब्री होतो. पुढे मी बर्मंड्सीच्या शाळेत मास्तर झालो तेव्हा ओल्याने जहाजकाकांना पटवून माझं शेपूट बदलून घेतलं. खडू ऑब्री. त्याला वाटलं होतं मी चिडेन. मला ते इतकं आवडलं की त्या दिवशी मी कोटावरचा खडू मुद्दाम झटकला नाही.

बसमध्ये वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली. गुडघ्यावर गरम पट्टा बांधला होता, त्याची ऊब वर चढत होती. पुलावरून नदी दिसली, भरतीची, चहाच्या रंगाची. मार्चचं ऊन काचेतून हातांवर पडलं होतं आणि मला फार बरं वाटत होतं, आणि त्या बऱ्या वाटण्याच्या तळाशी काहीतरी बुटातल्या खड्यासारखं टोचत होतं. मी स्वतःशी हळूच म्हणून पाहिलं, ऑब्री. नुसतं. उत्तर द्यावंसं वाटेना. शाळेत मुलं मला 'सर' म्हणत. माझी बायको विनी, तिला जाऊन बरीच वर्षं झाली, ती मला कधीच नावाने हाक मारत नसे, 'हे बघा' म्हणायची, आणि घरात दुसरं कुणी नसल्यामुळे ते पुरायचं. नुसत्या नावाने हाक ऐकून मी उठलो तो आयुष्यात एकदाच, आणि ती गोष्ट बसने वळण घेतलं तशी माझ्या पुढ्यात येऊन बसली.

हॉलच्या मागे भाजीचा मळा होता, त्याच्या कडेने लॅव्हेंडरची झुडपं. मी सहाएक वर्षांचा असेन. आजी वाकून झुडपाच्या बुडाशी काहीतरी पाहत होती. तिची पाठ माझ्याकडे होती. "ऑब्री," ती म्हणाली, "लवकर ये, लवकर." तिच्या आवाजात अशी काही गंमत होती, दाबून धरलेली, की मी नियम विसरलो आणि धावलो. वाफ्यातल्या सॅलडच्या पानांवरून धावलो. तिने मान वळवली. चेहऱ्यावरची गंमत जराशी मावळली, पण प्रेमानेच ती म्हणाली, "तू नव्हे रे बाळ. मी तुझ्या आजोबांना बोलावलं." आणि तिने झुडपावर हात तसाच आडवा धरून ठेवला. मी परत गेलो. मागे आजोबांच्या बुटांचा आवाज आला, मग दोघांचं हसणं. झुडपाखाली काय होतं ते मी कधी विचारलं नाही. रागावलो नव्हतो. नियम माझ्या लक्षात राहायला हवा होता, एवढंच मला वाटलं, आणि पुढे तो इतका पक्का राहिला की आज एका परक्या दवाखान्यात मी माझ्याच नावाला बसून राहिलो.

घरी आलो तेव्हा केक आणायला वेळ उरला नव्हता. चार वाजता हेझल येणार होती. ही ओल्याची सून, म्हणजे त्याच्या मुलाची बायको. मुलगाही अर्थात ऑब्रीच, लहानपणी चांगले कपडे घालून डबक्यात बसला म्हणून डबकं ऑब्री. बाप गेल्यावर आता तोच लॉर्ड कॉम्बरली. हेझल ग्रिम्स्बीची, तिच्या वडिलांचं मासळीचं दुकान. लग्न ठरलं तेव्हा कॉन्स्टन्सवहिनींनी, म्हणजे ओल्याच्या बायकोने, आठवडाभर डोकेदुखी काढली होती, आणि मग हेझलने हॉलवर येऊन कसलेसे मासे असे तळून घातले की डोकेदुखी थांबली. फेब्रुवारीच्या शेवटी तिला मुलगा झाला. ईस्टरनंतरच्या रविवारी त्याचा बाप्तिस्मा, आणि नाव मी सांगायचं. ती कशासाठी येतेय ते मला कळत होतं. डबक्याने फोनवर चाचरत सांगितलंच होतं. "खडूकाका, हेझलच्या मनात जरा वेगळं आहे. तुम्ही तिला समजावा. तुम्ही मुलांना समजावण्यात हुशार." मी हो म्हटलं होतं, कारण मला स्वतःला ते नाव चालू राहायला हवं होतं. ओला गेला, जहाजकाका गेले, बंदूक ऑब्री तर केव्हाच फ्रान्समधल्या लढाईत गेले. उरलो डबकं आणि मी. हे मूल ऑब्री झालं नाही, तर आमच्या मागे हाक मारायला कुणी नाही, असं मला वाटत होतं, आणि त्या विचाराने रात्रीचा कोको थंड व्हायचा.

ती बाळाला काखेत मारूनच जिना चढून आली. बाळ झोपलेलं. तिने त्याला माझ्या पलंगावर दोन उशांच्या मध्ये ठेवलं, टोपी काढली आणि केटली स्वतःच चढवली.

"गुडघा काय म्हणतोय, काका?"

"गुडघा म्हणतो, जिने कमी चढ."

"आणि तुम्ही राहताय वरच्या मजल्यावर. मी पाठवलेले मासे खाल्लेत, की शेजारच्या मांजराला?"

"अर्धे अर्धे."

ती हसली. चहा ओतला. मग कप दोन्ही हातांत धरून बसली आणि तिने एकदम विषयाला हात घातला, ग्रिम्स्बीची माणसं घालतात तसा. "रविवारी तुम्ही ऑब्री म्हणणार."

"तशी पद्धत आहे."

"माझ्या वडिलांचं नाव वॉल्टर. मला ते ठेवायचं होतं. पण मी त्यासाठी भांडायला आले नाही."

"मग कशासाठी?"

खिडकीबाहेर कुणीतरी कोळशाच्या गाडीवाल्याला शिव्या देत होतं. "लग्नानंतर पहिल्या महिन्यात," ती म्हणाली, "मी याला हाक मारायची आणि हा वर बघायचाच नाही. पेपर वाचत बसलेला. मी म्हणायची, ऑब्री. काही नाही. पुन्हा म्हणायची, ऑब्री. तेव्हा कुठे, हं, मला म्हणालीस का? मला वाटलं याचं माझ्यावर प्रेम नाही. रडलेसुद्धा. आईला सांगितलं, तर ती म्हणाली बड्या लोकांचं असंच असतं. मग सासूबाईंनी मला नियम सांगितला. म्हणजे माझा नवरा, चौतीस वर्षांचा बाप्या, पहिली हाक आपली नसणार असं धरून चालतो. त्याला डबकं म्हणून हाक मारली की लगेच उठतो. लॉर्ड आहे, काका. संसदेत बसतो. मी त्याला डबकं म्हणू?"

मला हसू आलं, आणि तेच हसू अर्ध्यावर थांबलं.

"नावाचं मला काही वाईट वाटत नाही," ती म्हणाली. "चांगलं नाव आहे. पण याने," आणि तिने पलंगाकडे मान केली, "याने दुसऱ्या हाकेची वाट बघत मोठं होऊ नये. एवढंच सांगायला आले होते. आता तुम्हाला जे म्हणायचं ते म्हणा. याचे वडील म्हणतात तुमचा हक्क आहे, तर असेल."

मी तिला समजावणार होतो. वाक्यं तयार होती. परंपरा, तसबिरी, एका धाग्यात ओवलेले लोक, हे सगळं मला सुंदर बोलता आलं असतं. मी म्हणालो, "आज दवाखान्यात मला नावाने बोलावलं." आणि मी तिला सगळं सांगितलं, नर्स, कागद, जाळीची पिशवी. 'गुडघा' म्हटल्यावर उठलो हे सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिला कप खाली ठेवावा लागला. मग हसता हसताच तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरले. "म्हणजे तुम्हीही," ती म्हणाली.

"मीही. आणि मी तर मास्तर."

हे मी का म्हणालो ते तिला कळलं नसेल. मला शाळा आठवत होती. गोदीवरच्या मजुरांची मुलं, ओल्या लोकरीचा आणि खडूचा वास, आणि एका वर्षी एकाच वर्गात तीन डोरीन. हेडमास्तरांनी सांगितलं, त्यांना मोठी डोरीन, मधली डोरीन, छोटी डोरीन म्हणा, काम सोपं होईल. मला ते जमेना. मी फक्त एक केलं. जिला हाक मारायची तिच्याकडे आधी पाहायचं, तिचे डोळे सापडेपर्यंत थांबायचं, आणि मग म्हणायचं, डोरीन. वर्षभरात एकदाही चुकीची डोरीन उठली नाही. त्यातली एक, कानामागे सतत पेन्सिल ठेवणारी, वाचायला लागायला फार उशीर करत होती. एक दिवस फळ्यावरचं वाक्य तिला अचानक वाचता आलं आणि ती शेवटपर्यंत न थांबता वाचत गेली, आणि खाली बसताना म्हणाली, "सर, मला माहीत होतं तुम्ही मलाच सांगताय." इतकी वर्षं मी मुलांना हाक मारत आलो आणि घरच्या हाकेबद्दल कधी विचार केला नाही. हॉलवर हाका जिन्याच्या टोकावरून मारल्या जात, पाठ फिरवून, दुसऱ्या खोलीतून. कुणी कुणाकडे न पाहता. शेपटांची गरज त्यातून पडली असावी.

बाळ जागं झालं. रडलं नाही. छताकडे पाहत, हात हवेत काहीतरी शोधत पडून राहिलं. मी गुडघा सांभाळत पलंगाच्या कडेला बसलो. नाक आमचंच होतं, त्याला इलाज नव्हता. हनुवटी मात्र मासळीच्या दुकानातली, ठाम. "रविवारी काय म्हणायचं ते मी याला बघून ठरवीन," मी हेझलला म्हणालो.

"बघा की मग. आत्ताच बघा," ती म्हणाली आणि कप धुवायला गेली.

खरं सांगायचं तर पुढचे दिवस मला ते नुसतं नाव सुटता सुटेना. दाढी करताना आरशात पाहून मी ते म्हणायचो. दुकानात पाव घेताना मनात म्हणायचो. हळूहळू सवय होऊ लागली होती. घराण्यात ज्याची सगळे वाट पाहतात ते मला मिळालं होतं, आणि वाट पाहतो आहोत हे मला आजवर कळलंही नव्हतं. म्हातारपणी एखादं नवं जाकीट अंगाला बरोबर बसावं तसं ते बसत होतं. मी ते अंगावर घालून उद्यानात फिरून आलो. बदकं होती, डॅफोडिल्स होती, बाकावर दोन बाया एकमेकींच्या सुनांबद्दल बोलत होत्या. कुणीही मला हाक मारली नाही. मी खूष होतो आणि जाकिटाच्या आत मी आपला खडूच होतो.

रविवारी हॉलच्या चॅपेलमध्ये थंडी होती. कॉन्स्टन्सवहिनी पुढच्या बाकावर, फरचा गळपट्टा बांधून. डबकं नव्या कोटात अवघडून उभा. हेझलने बाळाला माझ्या हातात दिलं आणि मागे सरकली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही, बाळाच्या पांघरुणाकडेच पाहत राहिली. पाद्र्याने हात पाण्यात घातला आणि म्हटलं, या बाळाचं नाव सांगा. मी थांबलो. बाळ माझ्या टायपिनकडे पाहत होतं. त्याची नजर वर यायला वेळ लागला. पाद्री खोकला, बाकावर कुणीतरी पाय हलवले. मग बाळाने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, निदान मला तसं वाटलं, आणि मी म्हणालो, "ऑब्री."

सगळे थांबले. पाद्रीही थांबला, हातातून पाणी ठिबकत. त्याला आमची पद्धत माहीत होती.

"पुढे?" वहिनी बाकावरून म्हणाल्या. चॅपेलमध्ये त्यांचा आवाज घुमला.

"एवढंच," मी म्हणालो.

"एवढंच कसं? नुसतं नाव तुमचं आहे."

"माझं होतं, वहिनी. याला दिलं."

"आणि तुम्ही काय राहणार?"

"खडू. सवयीचं आहे."

वहिनींनी गळपट्टा नीट केला. "तुमचं डोकं पहिल्यापासून असंच," त्या म्हणाल्या, "शाळेत काढलंत ना आयुष्य." पण उठल्या नाहीत. डबक्याने बायकोकडे पाहिलं. हेझल मान खाली घालून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते, हसण्याने की कशाने ते मला कळलं नाही. पाद्र्याने पाणी शिंपडलं, आणि ऑब्रीने, नुसत्या ऑब्रीने, असा काही टाहो फोडला की तसबिरींमधल्या सगळ्यांना जिन्यावर ऐकू गेलं असेल. जेवताना डबकं माझ्या शेजारी बसला आणि हळूच म्हणाला, "काका, माझंही काढून टाका ना शेपूट." मी म्हटलं, "तुझं तुझ्या बायकोला विचार." त्याने विचारलं. ती म्हणाली, "आधी पहिल्या हाकेला बघायला शीक, मग काढू."

सप्टेंबरअखेर मी पुन्हा हॉलवर गेलो. गुडघा बरा होता, म्हणजे पावसाचा अंदाज सांगण्यापुरताच दुखत होता. ऊन मऊ होतं. मळ्याच्या भिंतीला पेअर पिकलेले, गांधीलमाश्या त्यांवर सुस्त. मी वेताच्या खुर्चीत, पायांवर शाल. डबकं दुसऱ्या खुर्चीत पेपरामागे. वहिनी आत झोपलेल्या. गवतावर घोंगडी घातली होती आणि तिच्यावर तो बसला होता, नुकताच बसायला लागलेला, मध्येच कलंडत, स्वतःला सावरत, लाकडी चमच्याने घोंगडी बडवत. हेझल लॅव्हेंडरच्या कडेला वाकली होती. फुलं संपली होती, झुडपं करडी पडली होती, तरी ऊन लागलं की वास यायचा. मी डोळे अर्धे मिटले होते. मला काही नको होतं. विनी असती तर म्हणाली असती, हे बघा, घोराल. ती असायला हवी होती, आणि नव्हती, आणि दुपार तरी चांगलीच होती.

हेझल झुडपाशी वाकलेली, तिने एकदम हात आडवा धरला. मग तिने मान वळवली. घोंगडीकडे पाहिलं, थांबली. चमचा थबकला. तेव्हा ती म्हणाली, "ऑब्री. लवकर बघ, लवकर."

त्याने मान वळवली. पहिल्याच हाकेला, अशी गर्रकन, की तोल गेला आणि तो घोंगडीवर आडवा झाला, आणि आडवा होऊनही तिच्याकडेच पाहत राहिला. पलीकडे पेपर खाली आला होता आणि डबक्याचं डोकं वर झालं होतं. आणि मी उभा होतो. शाल पायांत पडलेली, काठी खुर्चीलाच टेकलेली, मी उभा होतो आणि दोन पावलं पुढेही गेलो होतो.

हेझलने माझ्याकडे पाहिलं आणि तिला हसू फुटलं. "तुम्ही नव्हे, काका," ती म्हणाली.

मी थांबलो. मळ्यात, सॅलडच्या वाफ्याच्या कडेला. मागे वळणारच होतो.

"पण आलाच आहात तर या ना," ती म्हणाली, "हे बघा." आणि तिने झुडपावरचा हात बाजूला घेतला.

मी तिथवर गेलो. गुडघा कुरकुरला, तरी वाकलो. लॅव्हेंडरच्या बुडाशी, सावलीत, पाचोळ्याच्या रंगाचा एक जाडजूड बेडूक बसला होता. त्याचा गळा हलत होता. आम्हा कुणाचीच त्याला घाई नव्हती. हेझलने ऑब्रीला उचलून माझ्या शेजारी आणलं, आणि आम्ही दोघांनी तो पोटभर पाहिला.